एकाच तारेने फाटलेले दोन पाय

वना नाना आयुष्यात एकदा मरता मरता वाचला, आणि उरलेलं सगळं आयुष्य त्याने त्या एका वाचण्यावर काढलं. सांगण्यासारखं त्याच्याकडे दुसरं काही नव्हतंही. शेती जेमतेम, अंगावर मांस नावाला, आवाज मात्र पाटलाचा. पारोळ्याच्या बाजूला, धुळे रस्त्यापासून आत आमचं गाव आहे. तिथे कुणाच्या पायाला लागलं, जखम चिघळली, ताप भरला की पहिलं नाव निघायचं ते वना नानाचं. डॉक्टरचं नाव त्यानंतर निघायचं, तेही निघालं तर.

हा वना नाना माझ्या वडिलांचा चुलतभाऊ. माझ्या वडिलांचं नाव चिंधा. नानाच्या गोष्टीत वाचणारा नाना असतो आणि मरणारे माझे वडील असतात. त्यामुळे ती गोष्ट मी लग्नात ऐकली आहे, मयतीत ऐकली आहे, पाण्याच्या टँकरजवळ उभी राहून ऐकली आहे. आता एकदा माझ्या पद्धतीने सांगते. गोड लागणार नाही.

दोघं भाऊ उन्हाळ्यात विहिरींचा गाळ काढायला जायचे. विहिरीवर यारी लावायची, म्हणजे लोखंडी क्रेन. तिच्या दोराला मोठी बादली. खाली उतरलेल्यांनी गाळ भरायचा, वरच्यांनी ओढायचा. उतरण्याआधी काठावर साती आसरांच्या नावाने हळदकुंकू वाहायचं आणि नारळ फोडायचा. पाण्यातल्या या देवी रागावल्या तर उतरलेला माणूस धड वर येत नाही, असं आमच्याकडे मानतात. त्या दिवशी नारळ माझ्या वडिलांनी फोडला होता. खालच्या गाळात कुणीतरी कधीतरी फेकलेली काटेरी तार पडली होती. ती आधी नानाच्या नडगीत घुसली, आणि ती उपसून काढताना माझ्या वडिलांच्या पोटरीत. दोघांनी चिखलाच्या हातानेच रक्त पुसलं, वर तंबाखूची चिमूट दाबली आणि बादल्या भरत राहिले. काम अर्धं टाकून वर येणं पुरुषाला शोभत नाही ना.

संध्याकाळी नानाच्या बायकोने, ताईबाई काकूने, बिब्ब्यात दाभण खुपसून तो दिव्यावर धरला आणि त्याचं चरचरतं काळं तेल जखमेवर टेकवलं. दोघांच्याही जखमेवर. हे मुद्दाम सांगते, कारण नानाच्या गोष्टीत तो बिब्बा फक्त त्याच्या एकट्याच्या पायाला लागलेला असतो.

ताप दोघांनाही आला. नाना तव्यासारखा तापला. गोधड्यांवर गोधड्या घातल्या तरी दात वाजायचे थांबेनात. पाय सुजून भोपळ्याएवढा झाला आणि तो काहीबाही बरळायला लागला. त्याच्या घरात बायकांनी डोळ्याला पदर लावून ठेवला होता. माझ्या वडिलांचा ताप त्यामानाने अगदी साधा. पोटरी लाल झालेली, पण हिंडतफिरत होते. नानाला बघायला गेले, त्याच्या उशाशी बसून त्याची चेष्टा करून आले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोरीत तोंड धुवायला बसले ते उठलेच नाहीत. श्वास धावून आल्यासारखा, ओठ निळसर, हातपाय गार. शेजाऱ्यांच्या जीपमधून धुळ्याला नेलं. तिथल्या डॉक्टरने, रक्तातून विष सगळीकडे पसरलंय, म्हणून सांगितलं आणि जमेल ते सगळं केलं. मी तेव्हा शाळेत होते. वडील परत आले ते पांढऱ्या कापडात.

आणि नाना? नानाचा पाय एका जागी फुटला, भांडंभर पू वाहून गेला, ताप उतरला. माझ्या वडिलांचं दहावं होईपर्यंत तो ओट्यावर बसून बिडी ओढायला लागला होता. हे खरं आहे. त्यात कुणाची लबाडी नाही. ना सुई, ना गोळी, ना डॉक्टर. हीच तर पंचाईत होती, कारण खऱ्या गोष्टीला खोटं कसं म्हणायचं?

माझे वडील ज्वारीचं पोतं पाठीवर घेऊन माळ्यावर चढायचे. बिडी नाही, दारू नाही, दुखणं कसं ते माहीत नाही. नानाला चार पावलं चाललं की खोकला यायचा. मग काडी वाचली आणि खांब कसा पडला? कारण सापडल्याशिवाय लोकांना अन्न गोड लागत नाही. कुणी म्हणालं नजर लागली. कुणी म्हणालं, चिंधाने फोडलेला नारळ आतून कुजका होता, त्याने तो कुणाला न दाखवता विहिरीत टाकला, म्हणून आसरांनी त्यालाच धरलं. हे माझ्या आईच्या, झुंबरबाईच्या, तोंडावर सांगायचे लोक. तिने ते हंडा भरताना ऐकलं आणि हंडा उचलून घरी आली. त्या नारळाचं खोबरं वडिलांनी माझ्यासाठी खिशात घालून आणलं होतं. मी ते खाल्लं होतं. पांढरंशुभ्र आणि गोड होतं.

पण सगळ्यांत जास्त चाललं ते नानाचं कारण. पारावर बसून, पायाचा वण धोतर वर करून दाखवत तो सांगायचा, "चिंधा दवाखानामा गया, मरी गया. मी घर पडी ऱ्हायनू, वाची गऊ. आते तुम्हीच समजी ल्या."

लोक समजून घ्यायचे. समजायला सोपंच होतं ते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, एवढंच. पण आमच्या गावात त्या कावळ्याला पुजारी मिळाला. बोलेल त्याची बोरं विकतात म्हणतात, नानाची तर वर्षानुवर्षं विकली गेली. दर वेळी विहीर थोडी खोल व्हायची, ताप थोडा वाढायचा आणि माझे वडील थोडे लहान व्हायचे. शेवटी शेवटी ते डॉक्टरच्या नादी लागलेला एक भित्रा माणूस एवढेच उरले. लोक आपापले पाय घेऊन नानाच्या ओट्यावर यायला लागले आणि काकू बिब्बा तापवायला लागली. जखमा बहुतेक आपल्या आपण भरतातच. भरल्या की यश बिब्ब्याचं. न भरलेल्यांचं काय झालं ते विचारू नका, कारण मेलेला माणूस पारावर येऊन आपली बाजू सांगत नाही.

मी नर्सिंग केलं आणि जळगावला एका दवाखान्यात अतिदक्षता विभागात लागले. तिथे मला माझ्या वडिलांच्या दुखण्याचं नाव कळलं. सेप्सिस. आणि तिथे मी ते इतक्या रूपांत पाहिलं की एकच रोग आहे यावर माझाच विश्वास बसेना. एक बाळंतीण तापाने फणफणत होती, आणि तिच्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ, अंगात ताप नावालाही नाही, फक्त सुनेला बहिणीच्या नावाने हाक मारत होते. दोघांच्या कागदावर रोग एकच. केळीच्या बागेतला एक गडी कोयत्याच्या एवढ्याशा चिरेने आला आणि त्याचं मूत्रपिंड गेलं. डाळमिलच्या पट्ट्यात हात फाटलेला दुसरा, चार दिवसांत घरी चालत गेला.

आमच्या मोठ्या डॉक्टरांना मी एकदा विचारलं, "सर, एकच विहीर, एकच चिखल, एकच तार. मग एक का वाचला?"

त्यांनी खुर्ची ओढून मला बसायला लावलं. म्हणाले, "जंतू आत शिरला हे अर्धंच झालं. शरीर त्याला काय उत्तर देतं, ते उरलेलं अर्धं. घरात चोर शिरला की कुणी काठी घेऊन उभा राहतो, कुणाला जागच येत नाही, आणि एखादा चोराला हुसकायला स्वतःचं घर पेटवून देतो. धडधाकट माणूसही घर पेटवू शकतो. वय असतं, साखर असते, आधीची औषधं असतात, जंतू कुठला आणि किती खोल गेला ते असतं, उपचार कधी सुरू झाले ते असतं. दोन माणसांचं सोड, त्याच माणसाला पुन्हा झालं तर ते पहिल्यासारखं दिसेल असंही नाही."

"मग माझे वडील का गेले?"

"नानांचा पाय बाहेर फुटला, तुझ्या वडिलांचं आत पसरलं असेल. पण हा अंदाज आहे. खरं उत्तर मला माहीत नाही."

इतक्या वर्षांत 'मला माहीत नाही' असं म्हणणारा तो पहिला माणूस होता. मी त्या दिवशी औषधांच्या खोलीत जाऊन रडले.

पुढे एका हळदीच्या कार्यक्रमात नाना मांडवात तीच गोष्ट रंगवत होता. मी मध्येच बोलले. म्हटलं, नाना, माझ्या वडिलांनाही बिब्बा लावला होता, तोही सांगा. आणि दवाखान्याने त्यांना मारलं नाही, तिथे पोचेपर्यंत ते अर्धे गेलेच होते. नाना हसला. माझ्याकडे न बघता मांडवाला म्हणाला, "शिकेल पोरगी शे. पन वाचनू मी का डागदर?" उचलली जीभ, लावली टाळ्याला. मांडव हसला. त्या दिवसापासून मी नानाशी बोलणं टाकलं, आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही.

वर्षं गेली. नाना म्हातारा झाला. त्याला साखर निघाली, गुडघे धरले. बाजाराच्या दिवशी एक डॉक्टर बसायचा, त्याच्या पुड्या तो घ्यायला लागला. असल्या पुड्यांत बहुतेक स्टेरॉइड असतं, त्याने दुखणं त्याच दिवशी पळतं, चेहरा गोल गरगरीत होतो आणि माणूस म्हणतो तब्येत सुधारली. आतून काय होतं ते मी रोज बघते. अंगात लढायची ताकद राहत नाही, ताप आणायचीसुद्धा नाही.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी माझ्या मोबाइलवर अनोळखी नंबर आला.

"रत्ना, वना नाना बोली ऱ्हायनू."

तो दम खात खात बोलत होता. "पायले काटा लागना व्हता. बिब्बा लाया. पन काही बरं वाटत नही बाई. थंडी वाजस. दम लागस."

राग विसरून मी नर्स झाले. "लघवीले गयात का?"

"कालपशी नही." मग आवाज आणखी उतरला. "तुना दवाखानामा माले लई चाल ना. पन मी बोलनू असं पोरेसले सांगू नको."

मला त्या क्षणी त्याची दया आली, हेही सांगून टाकते. आख्ख्या गावाला घरी राहायला शिकवलेला माणूस माझ्याकडे चोरून दवाखाना मागत होता. मी त्याचा शब्द राखला. त्याच्या मोठ्या मुलाला, अभिमनभाऊला, फोन केला आणि एवढंच म्हटलं की नानांची तब्येत बरी नाही असं कानावर आलं, लगेच जळगावला आणा.

"तुले कोनी सांगं?" अभिमनभाऊ म्हणाला. "ताप नही शे. हात लाईसन दखं मी. त्या टाइमले तवासारखा तपेल व्हतात, तरी वाचनात. आते तं थंडगार शेतस."

"थंडा शेतस तेच वाईट शे, भाऊ."

तो हसला. "तुमनं नर्सेसनं कायबी खरं नही. तपनं तरी वाईट, थंडं पडनं तरी वाईट."

त्याची काय चूक म्हणायची? त्याच्याकडे रोग मोजायला एकच माप होतं, बापाची गोष्ट. त्या गोष्टीत मरणाच्या दारातला माणूस तव्यासारखा तापतो. हा तर गार होता, म्हणजे बरा होता. मी ड्यूटी बदलून घेतली, ओळखीच्या ड्रायव्हरची गाडी केली आणि निघाले.

पोचले तेव्हा ओट्यावर माणसं जमलेली. नाना भिंतीला टेकून बसला होता. चेहरा राखेच्या रंगाचा, कपाळावर घाम, श्वास वरच्या वर. टाचेवर बिब्ब्याचा काळा डाग आणि त्याच्या भोवती निळसर कातडी. हात धरला तर ओला, थंड. नाडी बोटाखालून पळत होती. प्रश्न विचारला की उत्तर बरोबर येत होतं, पण उशिरा. अजून वेळ होता. थोडा होता, पण होता.

"नाना, चला," मी म्हटलं. "गाडी उभी आहे."

अभिमनभाऊने बापाकडे पाहिलं. "नाना, दवाखानामा जानं शे का?"

सगळ्यांची तोंडं नानाकडे वळली. तीच माणसं, जी वर्षानुवर्षं त्याच्यासमोर बसून ती गोष्ट ऐकत आली होती. नानाने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. आणि कुठून बळ आणलं कोण जाणे, मान ताठ करून म्हणाला, "कसाले? मी काय चिंधा शे का?"

ओटा हसला. माझा शब्द माझ्याच्याने राखवेना. "नाना, सकाळी तुम्हीच मला फोन केलात. तुम्हीच म्हणालात, लई चाल."

"मी? कधय?" नाना श्वास घेत थांबला. मग लोकांना म्हणाला, "तिना बाप दवाखानामा गया ना. तधळपशी तिना डोकामा तेच शे."

लोकांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. कुणीतरी म्हणालं, पोरीला पाणी द्या. ताईबाई काकू डोक्यावर पदर घेऊन दारात उभी होती. ती काही बोलली नाही.

मरू दे म्हाताऱ्याला, असं मला वाटलं. खोटं कशाला सांगू? माझ्या बापाच्या नावावर आयुष्यभर जगला, आता त्याच्याच नावाने मरू दे. पण उठवेना. तिथेच ओट्याच्या कडेला बसून राहिले आणि त्याचा श्वास मोजत राहिले, सवयच ती. अधूनमधून विनवलं, अभिमनभाऊला बाजूला घेऊन सांगितलं, भांडले. तो म्हणायचा, "नाना स्वतः नही म्हनतस, तं मी कसा लई जाऊ?" ऊन कलायला लागलं तेव्हा नानाने मला झुंबर म्हणून हाक मारली, माझ्या आईच्या नावाने. नंतर हाका मारल्या तरी ओ देईना. तेव्हा कुठे ओट्यावरचं हसणं थांबलं आणि काकू दारातून म्हणाली, "लई चाल."

जळगावला त्याला माझ्याच विभागात खाट मिळाली. सलाइन लागलं, औषधं सुरू झाली, मग मशीन. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितले आणि मला म्हणाले, "सकाळी आणलं असतं तर..." सकाळी आणलं असतं तर नाना वाचलाच असता, असं मीही म्हणणार नाही. या रोगाबद्दल तसं कुणीच म्हणू नये. पण सकाळी एक संधी त्याच्या हातात होती, आणि ती त्याने चार माणसांना हसवण्यात घालवली. दुसऱ्या दिवशी तो गेला.

दहाव्याला मी गेले. नदीवरून माणसं परत आली आणि त्याच ओट्यावर बसली. अभिमनभाऊच्या डोक्याचा गोटा झालेला, डोळे सुजलेले. कुणीतरी विचारलं, कसं झालं रे एकाएकी? आणि तो सांगायला लागला, अगदी बापाच्या आवाजात. "घर व्हतात तोवर बोली ऱ्हायंतात. ओटावर बठीसन हासतात. दखेल शे ना तुम्हनी? दवाखानामा लई गयूत, नि सरनं."

माना हलल्या. एक म्हातारा म्हणाला, "चिंधानं बी तसंच व्हयनं व्हतं." म्हणजे गोष्टीत आता मेलेले दोन झाले आणि दोघंही दवाखान्यातच मेलेले. ती गोष्ट पूर्वीपेक्षा पक्की झाली होती. आता तिला कोण हलवणार? माझ्या तोंडाशी चार शिव्या आल्या. सुतकाचं घर म्हणून गिळल्या.

जेवण न करताच निघाले. गाडीपर्यंत आले तोच मागच्या गल्लीतून ताईबाई काकू आली. कपाळ मोकळं, हात मोकळे. माझा दंड धरून म्हणाली, "त्यासनी तुले फोन करा, तवय मी बाजूमाच बठेल व्हतू. तुना नंबर मीच लाई दिन्हा व्हता."

मी विचारलं, "मंग ओटावर का बरं नही बोलनी, काकू?"

"बठ्ठा लोक व्हतात ना, बाई, सगळं गाव व्हतं," ती म्हणाली.